भारत, इंडिया, हिंदुस्थान: नावे तीन, अर्थ किती?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही महामार्गावरून तासभर प्रवास केला, तर तीन वेगवेगळ्या नावांचे पेट्रोल पंप हमखास लागतात. एकाच्या पाटीवर इंडियन ऑइल असते, दुसऱ्याच्या भारत पेट्रोलियम आणि तिसऱ्याच्या हिंदुस्तान पेट्रोलियम. तिन्ही कंपन्या सार्वजनिक क्षेत्रातल्या आहेत आणि तिघींच्या नावात देश एकच आहे, तरीही त्या देशासाठी वापरलेला शब्द प्रत्येक वेळी निराळा आहे. गाडीत इंधन भरणाऱ्या माणसाला त्यात वावगे काही वाटत नाही, कारण ही तिन्ही नावे आपण लहानपणापासून समानार्थी म्हणून शिकलेलो असतो. आजच्या व्यवहारापुरते ते बरोबरही आहे. परंतु जुने पत्र, जुना नकाशा, जुना कायदा किंवा इतिहासाचे पुस्तक हाती घेतले की हे शब्द एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. आणि एवढेच नव्हे, तर त्यांतला प्रत्येक शब्द वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या भूभागासाठी वापरला गेल्याचे दिसते. देशाच्या नावावरून होणाऱ्या वादांपैकी पुष्कळसे वाद हे अर्थांतर लक्षात न घेतल्यामुळे होतात, असे मला वाटते, आणि म्हणून ते सावकाशपणे उलगडून पाहणे आवश्यक आहे.

सुरुवात आजच्या वापरापासून करू. ‘भारतात यंदा पाऊस उशिरा आला’ या वाक्यात भारत म्हणजे जमीन आहे. ‘भारताने ठरावाच्या विरोधात मत दिले’ या वाक्यात भारत म्हणजे त्या वेळी दिल्लीत सत्तेवर असलेले सरकार आणि त्याचा प्रतिनिधी आहे. ‘भारत हळहळला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ इथली माणसे असा असतो, आणि ‘भारत सामना जिंकला’ असे म्हणतो तेव्हा मैदानावरचे अकरा खेळाडू अभिप्रेत असतात. चारही वाक्ये निर्दोष आहेत आणि कोणताही मराठी वाचक त्यांत गोंधळत नाही, कारण संदर्भ त्याला अर्थ सांगतो. गोंधळ होतो तो एका अर्थाने सुरू झालेले बोलणे नकळत दुसऱ्या अर्थावर घसरते तेव्हा. सरकारच्या एखाद्या निर्णयावर टीका करणाऱ्याला ‘तुम्ही भारतावर टीका करता’ असे सुनावले जाते, तेव्हा सरकार या अर्थाचा भारत आणि देश या अर्थाचा भारत यांची सरमिसळ झालेली असते. राज्यशास्त्रात म्हणूनच देश, राष्ट्र आणि राज्यसंस्था हे शब्द वेगळे ठेवतात: देश म्हणजे भूमी, राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असे मानणारा लोकसमूह, आणि राज्यसंस्था म्हणजे कायदे करणारी, कर घेणारी, सैन्य बाळगणारी व्यवस्था. भारत हे एकच नाव या तिघांनाही पुरवावे लागते.

आता नावांच्या मुळाकडे वळू. इंडिया हे नाव इंग्रजांनी दिले, हा समज फार पसरलेला आहे. इंग्रजीतल्या पाच अक्षरांचा ‘ऑगस्टमध्ये स्वतंत्र झालेले राष्ट्र’ अशा धर्तीचा विस्तार सांगणारे संदेशही मोबाइलवर फिरत असतात. हे दोन्ही खरे नाही. इंडिया हा शब्द सिंधू या आपल्याच नदीच्या नावापासून निघालेला आहे आणि इंग्रजांच्या आगमनाच्या दोन हजार वर्षे आधीपासून तो वापरात आहे. संस्कृतातल्या शब्दारंभीच्या ‘स’च्या जागी प्राचीन इराणी भाषांत ‘ह’ येतो. आपला ‘सप्त’ तिथे ‘हप्त’ होतो, आपले ‘सप्तसिंधू’ पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘हप्त हेंदु’ या रूपात भेटतात. त्याच नियमाने सिंधूचे हिंदू झाले. इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास इराणच्या दारयवहु या सम्राटाने, ज्याला आपण डरायस म्हणून ओळखतो, आपल्या साम्राज्यातील प्रांतांची यादी शिलालेखांत कोरली आणि तीत ‘हिंदुश’ हा प्रांत नोंदवला. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावरील ग्रीकांच्या बोलीत शब्दाच्या आरंभीचा ‘ह’ उच्चारला जात नसे, त्यामुळे त्यांनी नदीला ‘इंडोस’ आणि तिच्या काठच्या देशाला इंडिया म्हणण्यास सुरुवात केली. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात हिरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने इराणी साम्राज्याच्या विसाव्या प्रांताची, म्हणजे या इंडियाची, वार्षिक खंडणी ३६० टॅलेंट (वजनाचे एक जुने माप) सुवर्णकण एवढी असल्याचे लिहिले आहे.

हिरॉडोटसचा हा इंडिया म्हणजे सिंधूचे खोरे, म्हणजे बव्हंशी आजचा पाकिस्तान. गंगेचे खोरे त्याला ठाऊक नव्हते, दख्खन तर नव्हतेच. पुढे इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मेगॅस्थनीस हा ग्रीक राजदूत पाटलिपुत्रात चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी राहिला, आणि त्याने लिहिलेल्या वृत्तांतापासून ग्रीक-रोमन जगात इंडियाची व्याप्ती पूर्वेकडे व दक्षिणेकडे वाढली. नाव एका नदीचे, मग तिच्या काठाचे, मग पलीकडच्या साऱ्या प्रदेशाचे, असा हा विस्तार झाला. देशांच्या नावांच्या बाबतीत हे नेहमी घडते. बाहेरून येणाऱ्याला आधी जो भाग लागतो, त्याचेच नाव तो मागच्या सगळ्या मुलखाला देतो.

हा शब्द नंतर किती दूर गेला, हे पाहिले की आश्चर्य वाटते. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरला आणि आपण इंडियाला पोहोचलो असे त्याने मानले. त्या चुकीतून तिथल्या मूळ रहिवाशांना इंडियन आणि त्या बेटांना वेस्ट इंडीज हे नाव चिकटले, ते आजतागायत सुटलेले नाही. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली, तेव्हा धावफलकावरची दोन्ही नावे एकाच सिंधू नदीतून आलेली होती. इंडोनेशिया हे नाव एकोणिसाव्या शतकात ‘इंडियाची बेटे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून घडवले गेले. आपल्या निळीला युरोपात मिळालेले इंडिगो हे नाव ‘इंडियाची वस्तू’ एवढेच सांगते. अरबांनी चिंचेला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, म्हटले आणि त्यावरून इंग्रजी टॅमरिंड तयार झाला. आपले अंक अरबांनी हिंदी अंक म्हणून स्वीकारले, पण ते अरबांकडून शिकलेल्या युरोपने त्यांना अरबी अंक म्हटले. चिनी प्रवासी ह्युएन-त्संग याने सातव्या शतकात या देशासाठी चिनी भाषेत चालणाऱ्या जुन्या नावांचा परामर्श घेऊन ‘यिंदू’ हे रूप योग्य ठरवले, आणि आजही चिनी भाषेत तेच रूढ आहे. तेही सिंधूचेच वंशज आहे.

भारत या नावाची कथा निराळी आहे, कारण ते नदीवरून नव्हे तर माणसांवरून आलेले आहे. ऋग्वेदात भरत हे एका जनाचे, म्हणजे टोळीचे, नाव आहे. त्यांचा राजा सुदास याने परुष्णी नदीच्या काठी, म्हणजे आजच्या रावीच्या काठी, दहा राजांच्या संघाचा पराभव केला, असे सातव्या मंडलात येते. आणि तिसऱ्या मंडलात विश्वामित्र आपले स्तोत्र ‘भारतं जनम्’, म्हणजे भरतांच्या लोकांचे, रक्षण करते असे म्हणतो. इथे भारत हे विशेषण आहे आणि ते लोकांना लावलेले आहे, भूमीला नव्हे. दुष्यंत-शकुंतलेचा पुत्र भरत याच्यावरून देशाला नाव पडले ही कथा आपण शाळेत ऐकलेली असते, तर जैन परंपरेत आणि काही पुराणांत ऋषभदेवांचा पुत्र भरत हा नावाचा मूळपुरुष मानला जातो. या परंपरा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या जुळवण्याचा अट्टहासही करू नये. भरत या नावाला प्रतिष्ठा होती आणि अनेकांना आपला देश त्याच्याशी जोडावासा वाटला, एवढे त्यातून निश्चित कळते.

टोळीचे नाव भूमीचे कधी झाले? ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगाचा राजा खारवेल याचा शिलालेख आहे. तो साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो आणि त्यात ‘भरधवस’, म्हणजे भारतवर्ष, हा शब्द येतो. मात्र तो येतो खारवेलाच्या स्वारीच्या वर्णनात. कलिंगाचा राजा ज्या भारतवर्षावर चाल करून जातो, त्यात स्वतः कलिंग धरलेला दिसत नाही, आणि म्हणून इथे भारतवर्ष म्हणजे गंगेच्या खोऱ्याकडील उत्तरेचा प्रदेश असावा, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. याच्या आधी होऊन गेलेला सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत या भूमीला जंबुद्वीप म्हणतो. मनुस्मृतीतला आर्यावर्त हिमालय आणि विंध्य यांच्या दरम्यान संपतो, म्हणजे आजचा महाराष्ट्र त्याच्या बाहेर राहतो. समुद्रापर्यंतचा संपूर्ण देश एका नावाखाली आणणारी व्याख्या विष्णुपुराणात मिळते: ‘उत्तरं यत्समुद्रस्य हिमाद्रेश्चैव दक्षिणम् । वर्षं तद् भारतं नाम भारती यत्र सन्ततिः ॥’ समुद्राच्या उत्तरेला आणि हिमालयाच्या दक्षिणेला जी भूमी आहे तिचे नाव भारत, आणि तिची संतती ती भारती. या व्याख्येत राजा नाही, राजधानी नाही आणि सीमेवरची चौकीही नाही. ही भूगोलाची आणि संस्कृतीची व्याख्या आहे, राज्यसंस्थेची नाही.

या जुन्या भूगोलाचा एक अवशेष मराठी घरांत अजूनही दर पूजेच्या वेळी उच्चारला जातो. संकल्प सोडताना गुरुजी स्थळ सांगतात ते ‘जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे… दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ अशा क्रमाने. गोदावरीच्या उत्तरेकडच्या गावात ‘उत्तरे तीरे’ म्हणतात. मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळात येत येत शेवटी यजमानाच्या अंगणापर्यंत पोहोचणारा हा पत्ता आहे. त्यात भरतखंड आहे, पण आपण ज्याला देश म्हणतो त्या जागी दंडकारण्य आहे. देश हा शब्द तिथे आजच्या अर्थाने आलेला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे घाटापलीकडच्या पठाराला आपण अजूनही ‘देश’ आणि तिथल्या माणसांना ‘देशावरचे’ का म्हणतो, तेही उमगते.

तिसरे नाव हिंदुस्थान. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात इराणच्या शापूर या ससानी सम्राटाच्या लेखात ते भेटते आणि तिथे त्याचा अर्थ पुन्हा सिंधूकाठचा प्रदेश असाच आहे. फारसीतला ‘स्तान’ आणि संस्कृतातले ‘स्थान’ हे एकाच मूळ धातूपासून आलेले सख्खे भाऊ आहेत, म्हणून मराठीने ‘हिंदुस्थान’ लिहिले आणि हिंदी-उर्दूने ‘हिंदुस्तान’, तरी शब्द एकच राहतो. पुढे दिल्लीच्या सुलतानांच्या आणि मोगलांच्या काळात हिंदुस्थान म्हणजे प्रामुख्याने उत्तरेचे मैदान असा अर्थ घट्ट झाला. विंध्याच्या खालचा मुलूख हा दख्खन. तो या अर्थाने हिंदुस्थानात मोडत नसे. अठराव्या शतकातील मराठी पत्रांत हा वापर ठायी ठायी आढळतो. पेशव्यांचे सरदार नर्मदा ओलांडून ‘हिंदुस्थानात’ जातात, तिथे त्यांना ‘दक्षिणी’ म्हणतात, आणि मोहीम आटोपली की ते ‘देशी’ परततात. आजच्या वाचकाने हे पत्र आजच्या अर्थाने वाचले, तर पुण्याचे लोक स्वतःला हिंदुस्थानाबाहेरचे समजत होते असा भलताच निष्कर्ष निघेल. त्या शब्दाला तेव्हा दोन अर्थ होते, एक अरुंद आणि एक विशाल, आणि लिहिणाऱ्याला कोणता अभिप्रेत आहे हे वाक्यावरून ठरवावे लागते.

तो अरुंद अर्थ आज एकाच ठिकाणी जिवंत आहे, संगीतात. हिंदुस्थानी संगीत म्हणजे उत्तरेची पद्धती, आणि दक्षिणेची ती कर्नाटक. या वाटणीत हिंदुस्थान हा देशाच्या एका भागाचेच नाव आहे. ज्या महाराष्ट्राला मोगलकालीन भूगोलाने हिंदुस्थानाबाहेर ठेवले, त्याच महाराष्ट्रात मिरज, पुणे, मुंबई ही हिंदुस्थानी संगीताची मोठी केंद्रे झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मराठीपुरते बोलायचे तर आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे, तो म्हणजे ‘हिंदी’. स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठीत हिंदी हे भाषेचे नाव होतेच, पण त्याहून अधिक ते ‘हिंदुस्थानचा’ या अर्थाचे विशेषण होते. ‘हिंदी लोक’, ‘हिंदी संस्थाने’, ‘हिंदी सैनिक’ हे शब्दप्रयोग जुन्या वृत्तपत्रांत सर्रास आढळतात. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या होमरूल लीगला मराठीत हिंदी स्वराज्य संघ म्हणत, आणि त्याचा हिंदी भाषेशी काही संबंध नव्हता. हिंदी ही राजभाषा झाल्यावर हे विशेषण मागे पडले आणि त्याची जागा ‘भारतीय’ने घेतली. ‘हिंदी महासागर’ एवढाच त्याचा ठळक अवशेष आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत उरला आहे. तो वाचताना समुद्राला भाषेचे नाव कसे, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला पडला, तर त्याला हा इतिहास सांगावा. त्याच वेळी हेही सांगायला हवे की भारत हे नाव संविधानाने अचानक आणले असे नाही. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या संस्थेने आपले नाव भारत इतिहास संशोधक मंडळ असे ठेवले होते, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १९०५ च्या संस्थेला इंग्रजीत सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी व मराठीत भारत सेवक समाज म्हणत.

एकच नाव एकाच काळात किती वेगळे अर्थ धारण करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटिश काळातील कायद्यात आहे. १८९७ च्या सामान्य वाक्खंड कायद्याने, ज्यात कायद्यांतील नेहमीच्या शब्दांचे अर्थ ठरवून दिले होते, ‘ब्रिटिश इंडिया’ आणि ‘इंडिया’ यांच्या दोन वेगळ्या व्याख्या केल्या. ब्रिटिश इंडिया म्हणजे गव्हर्नर जनरलच्या प्रत्यक्ष कारभाराखालचा प्रदेश. इंडिया म्हणजे तो प्रदेश अधिक ब्रिटिशांचे अधिराज्य मानणारी संस्थाने. समजा, १९३० साली एक माणूस पुण्यात, दुसरा कोल्हापुरात आणि तिसरा पणजीत उभा आहे. पुण्याचा माणूस ब्रिटिश इंडियातही होता आणि इंडियातही. कोल्हापूर संस्थानातला माणूस इंडियात होता, पण ब्रिटिश इंडियात नव्हता. पणजीतला माणूस इंग्रजांच्या या दोन्ही व्याख्यांच्या बाहेर होता. आणि त्याच वेळी रंगूनमधला माणूस मात्र दोन्हींच्या आत होता, कारण ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रिटिश इंडियाचाच भाग होता. दीर्घकाळ मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली राहिलेले अरबस्तानातले एडनही १९३७ मध्येच वेगळे निघाले. शेजारचे सिलोन मात्र इंग्रजांचेच असूनही या इंडियात धरले जात नव्हते.

पणजीतल्या माणसाविषयी अजून थोडे सांगावे लागेल, कारण तो इंग्रजांच्या इंडियाबाहेर असला तरी एका दुसऱ्याच इंडियाच्या राजधानीत उभा होता. पोर्तुगिजांनी १५०५ मध्ये आपल्या पूर्वेकडील सत्तेला ‘एस्तादो द इंडिया’, म्हणजे इंडियाचे राज्य, असे नाव दिले होते, आणि १५३० पासून त्याची राजधानी गोव्यात होती. आफ्रिकेतले मोझांबिकसुद्धा १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होते, म्हणजे कागदोपत्री या इंडियाचा एक भाग आफ्रिकेत होता. कालांतराने हे राज्य आकसत गोवा, दमण, दीव आणि त्यांना जोडलेल्या लहान मुलखांपुरते उरले, पण नाव तेच राहिले. गोव्यातल्या चलनी नोटांवर ‘इंडिया पोर्तुगेझा’ छापलेले असे. १९४७ नंतर तर अशी स्थिती आली की बांदा-पत्रादेवीच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना इंडिया होता. पोर्तुगीज सरकार पलीकडच्या स्वतंत्र देशाचा उल्लेख ‘इंडियन युनियन’ असा करी, कारण इंडिया या नावावर त्याचा स्वतःचा साडेचारशे वर्षांचा दावा होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि हे दुसरे इंडिया नकाशावरून गेले.

१९४७ च्या फाळणीच्या वेळी नावाचा प्रश्न निव्वळ भावनेचा नव्हता, तो वारशाचा होता. ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यात नव्या दोन अधिराज्यांची नावे इंडिया आणि पाकिस्तान अशी आली. महंमद अली जिना यांना हे रुचले नाही. उरलेल्या देशाने हिंदुस्थान म्हणवून घ्यावे, इंडिया हे नाव दोन्ही देशांच्या समाईक भूतकाळाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. परंतु इंडिया हे नाव राखणे म्हणजे जुन्या राज्यसंस्थेचे उत्तराधिकारी असणे, आणि त्याचा परिणाम लगेच दिसला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या संस्थापक सदस्यांमध्ये इंडिया होता. ते सदस्यत्व आपल्याकडे अखंड चालू राहिले, तर पाकिस्तानला नवा देश म्हणून अर्ज करावा लागला आणि ३० सप्टेंबर १९४७ रोजी त्याला प्रवेश मिळाला. सिंधू नदीचा बहुतांश प्रवाह पाकिस्तानात गेला आणि सिंधूवरून पडलेले नाव आपल्याकडे राहिले.

संविधान सभेपुढे १९४८ मध्ये जो मसुदा आला, त्याच्या पहिल्या कलमात फक्त इंडिया होता. १७ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यात ‘इंडिया, म्हणजेच भारत’ अशी दुरुस्ती मांडली आणि दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, तिच्यावर चर्चा झाली. मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले हरि विष्णु कामत यांनी क्रम उलटा असावा असे सुचवले: भारत हे नाव, आणि इंग्रजी भाषेत इंडिया. त्यांनी आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाचा दाखला दिला, ज्यात देशाचे नाव आयरिश भाषेत आधी देऊन ‘इंग्रजी भाषेत आयर्लंड’ अशी जोड दिलेली आहे. त्याच प्रांतातील सेठ गोविंददास यांनाही भारत आधी हवा होता आणि इंडिया हे परदेशात ओळखले जाणारे नाव म्हणून नोंदवावे असे वाटत होते, तर हरगोविंद पंत यांचा आग्रह भारतवर्ष या शब्दासाठी होता. आंबेडकरांचे म्हणणे असे होते की भारत हे नाव स्वीकारलेलेच आहे, आणि सभेपाशी वेळ थोडा आहे. कामतांच्या दुरुस्तीवर मतदान झाले. बाजूने ३८ आणि विरोधात ५१ मते पडली. भारत हे नाव कोणीच नाकारलेले नव्हते, वाद होता तो कोणते नाव मुख्य आणि कोणते स्पष्टीकरण, एवढाच. विशेष म्हणजे संविधानाच्या अधिकृत हिंदी पाठात हा क्रम आपोआप उलटला आहे. तिथे पहिले कलम ‘भारत, अर्थात् इंडिया’ असे सुरू होते. कामतांना जे मतदानात मिळाले नाही, ते भाषांतराने दिले.

त्यामुळे दोन्ही नावे समान दर्जाची आहेत आणि व्यवहारात भाषेनुसार त्यांची वाटणी होते. नाण्यांवर दोन्ही छापलेली असतात. पारपत्रावर देवनागरीत ‘भारत गणराज्य’ आणि खाली इंग्रजीत ‘रिपब्लिक ऑफ इंडिया’ असते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेच्या भोजनाच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ असे छापले गेले, तेव्हा मोठी चर्चा झाली ती एवढ्यासाठी की इंग्रजीत इंडिया ही रूढ वाटणी तिथे मोडली गेली होती. संविधानाच्या पहिल्या कलमात त्यामुळे काही बदल झाला नाही. फक्त भारत हेच नाव असावे अशी मागणी करणारी याचिका त्याआधी, २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली होती.

या दोन नावांना महाराष्ट्रात एक तिसराच अर्थ मिळाला आणि तो शब्दकोशात सापडणार नाही. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनाच्या काळापासून ‘इंडिया’ आणि ‘भारत’ हे शब्द एकाच देशातल्या दोन आर्थिक वर्गांसाठी वापरले. इंग्रजांच्या हातातली शोषणाची यंत्रणा ज्यांच्याकडे वारशाने आली तो इंडिया, आणि गोरे गेल्यावरही ज्याचे शोषण थांबले नाही तो भारत. ही शहर आणि खेडे अशी सरळ विभागणी नव्हती. शहरातल्या झोपडपट्टीत राहणारा माणूस जोशींच्या दृष्टीने भारतातून इंडियात आलेला निर्वासितच होता. समानार्थी म्हणून संविधानाने शेजारी बसवलेले दोन शब्द त्यांनी एकमेकांसमोर उभे केले, आणि शेतमालाच्या भावाचा कोरडा प्रश्न लाखो शेतकऱ्यांना दोन शब्दांत समजला. ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही भाषा आज सर्व पक्षांच्या भाषणांत येते, परंतु तिचा मूळचा नेमका आर्थिक अर्थ त्यांत क्वचितच शिल्लक असतो, याचे मला वाईट वाटते.

या पार्श्वभूमीवर नेहमी ऐकू येणारी दोन विधाने पाहू. ‘१९४७ पूर्वी भारत नावाचा देश नव्हताच’ असे एक जण म्हणतो, आणि ‘भारत हजारो वर्षांपासून आहे’ असे दुसरा. पहिल्याच्या मनात सार्वभौम राज्यसंस्था असते, दुसऱ्याच्या मनात विष्णुपुराणातली भूमी आणि तिची सांस्कृतिक ओळख. दोघे एकच शब्द उच्चारतात आणि दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलतात. आपण कोणत्या भारताविषयी बोलतो आहोत हे दोघांनी आरंभीच सांगितले, तर बरेचसे भांडण तिथेच मिटेल आणि उरेल तो खराखुरा अभ्यासाचा प्रश्न, म्हणजे या दोन भारतांचा एकमेकांशी संबंध कसा आणि केव्हा जुळला.

लिहिणाऱ्यांपुढची अडचण अधिक नाजूक आहे. मोहेंजोदडो आज पाकिस्तानात आहे. मग ‘प्राचीन भारतातील मोहेंजोदडो’ असे लिहावे का? भारत हा शब्द उपखंड या अर्थाने घेतला असेल तर लिहिता येते, मात्र तसे एकदा स्पष्ट सांगावे, आणि जिथे शंका उरेल तिथे ‘भारतीय उपखंड’ हा शब्द वापरावा. काँग्रेसने डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. त्या दिवशी लाहोर हिंदुस्थानातले शहर होते, आणि त्या प्रसंगाविषयी लिहिताना ते तसेच लिहिले पाहिजे. ‘पाकिस्तानातील लाहोर येथे’ असे लिहिणारा, ज्या देशासाठी तो ठराव झाला तो देशच वाक्यातून पुसून टाकतो.